पांढऱ्या पेशी : मित्र कीं शत्रु ?

गेल्या दिवाळींतली गोष्ट. आमचा पुतण्या बाहेरगांवीं अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो व तेथील वसतिगृहांत राहतो. सुट्टीला घरीं आला तो ओळखूं येईना इतका वाळलेला. फराळाचें ताट पुढें आलें कीं "नको" म्हणे, आणि दिवस उजाडण्यापूर्वीं तीन-चार वेळां तरी शौचास जाऊन येई. विचारलें तर "तिकडचें जेवण मानवत नाहीं" एवढेंच उत्तर. आमच्या मातोश्रींनीं 'उष्णता' असें निदान केलें. ताक, सुंठ आणि कुड्याच्या सालीचा काढा असा क्रम सुरू झाला. चार-आठ दिवस उतार पडल्यासारखें वाटलें. पुढें एके दिवशीं त्याच्या आईच्या लक्षांत आलें कीं, मुलाला नुसते जुलाब होत नाहींत. आंव आणि रक्त पडतें आहे, आणि तें आजचें नव्हे, चांगलें तीन महिन्यांचें आहे. संकोचानें त्यानें तें कोणालाच सांगितलें नव्हतें. घरांत लहानमोठीं चौदा माणसें. त्यांतला एक मी, जन्मभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकविलेला. तरीहि आठ दिवस मी त्याला ताक पितांना पाहत होतों आणि गप्प होतों, हें येथें कबूल केलेलें बरें.

नंतर मात्र सर्व तपासण्या रीतसर झाल्या. मळ तपासला, रक्त तपासलें, दुर्बिणीनें मोठें आंतडें आंतून पाहिलें आणि अस्तराचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला. निदान झालें तें मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहाचें; डॉक्टरमंडळी त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. औषध सुरू झालें आणि दीड-दोन महिन्यांत मुलाच्या अंगावर मांस दिसूं लागलें. तेव्हां एके संध्याकाळीं वहिनी तो अहवालाचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या व म्हणाल्या,

"भावोजी, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, असें तुम्हींच आम्हांला सांगितलेंत. या कागदावर तर लिहिलें आहे कीं, याच्या आंतड्यांत त्यांचीच गर्दी झाली होती. शिपाई इतके जमले तर रोग पळायला हवा; तो वाढला कसा ? आणि डॉक्टर औषध देतात तें या शिपायांनाच आवरण्याचें ! आतां मुलगा बरा दिसतो आहे, तर तें औषध बंद कां करूं नये ?"

प्रश्न आईचा होता, पण तो एखाद्या परीक्षकालाहि शोभला असता. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईना, म्हणून तें येथें सविस्तर लिहीत आहें. अनेक घरांत हा प्रश्न मनांतल्या मनांत विचारला जातो, आणि कित्येकदां त्याचें चुकीचें उत्तर आपलें आपणच दिलें जातें.

एका पेशीची भिंत

आपलें लहान आंतडें सुमारें सहा मीटर आणि मोठें आंतडें सुमारें दीड मीटर लांब असतें. लहान आंतड्याचें अस्तर मखमलीसारख्या सूक्ष्म अंकुरांचें असतें. मोठ्या आंतड्याच्या अस्तरांत अंकुर नसतात, पण बोटमोज्याच्या बोटांसारखे असंख्य खोल खळगे असतात. हें सर्व अस्तर उलगडून पसरलें तर टेनिसचें मैदान झांकेल, असें जुन्या पाठ्यपुस्तकांत असे व मीहि तेंच वर्षानुवर्षें शिकविलें. परंतु स्वीडनमधील हेलांडर व फेन्ड्रिक्स या दोघांनीं २०१४ सालीं नव्यानें मोजमाप प्रसिद्ध केलें, त्यांत संपूर्ण अन्नमार्गाचें क्षेत्र सुमारें ३२ चौरस मीटर भरलें. म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढें.

क्षेत्र लहान ठरलें, पण खरें आश्चर्य जाडीचें आहे. या भिंतीची जाडी अवघी एका पेशीची ! केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून ती फारशी अधिक नसते. भिंतीच्या एका बाजूस आपलें रक्त. दुसऱ्या बाजूस अन्न, मळ आणि जंतु. माणसाच्या शरीरांत सुमारें ३८ लाख कोटी जंतु वस्तीला असतात, असा २०१६ सालचा हिशेब आहे. त्यांतले बहुतेक सर्व मोठ्या आंतड्यांत नांदतात. ते तेथें आहेत तोंवर आपले उपकारकर्तेच आहेत. भिंत ओलांडून आले तर तेच जिवावर उठतील.

म्हणून निसर्गानें या पातळ भिंतीची व्यवस्था फार काळजीनें लाविली आहे. पेशीपेशींमधील सांधे घट्ट शिवलेले असतात. वर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. आजारपणांत ज्याला आपण 'आंव' म्हणतों तोच हा पदार्थ, पण निरोगी माणसांत तो जागच्या जागीं बसून जंतूंना दूर ठेवीत असतो. शिवाय खळग्यांच्या तळाशीं नव्या पेशी सतत तयार होत असतात व जुन्या गळून पडतात. तीन ते पांच दिवसांत जवळजवळ सगळें अस्तर नवें होतें. घराची भिंत दर पांच दिवसांनीं नवी बांधणारा गवंडी आपल्या पोटांत अहोरात्र राबत असतो, याची आपणांस दादहि नसते.

बेडूक आणि कांटा

या भिंतीचे राखणदार म्हणजे पांढऱ्या पेशी. त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. लाली, सूज, दाह आणि वेदना हीं चार लक्षणें सेल्सस या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांतच नोंदविलीं होतीं. पण तीं कशानें होतात हें कळण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८६७ सालीं बर्लिनमध्यें यूलियुस कोनहाइम या तरुण संशोधकानें बेडकाच्या आंतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं पसरला आणि तो तासन्‌तास पाहत बसला. त्याला असें दिसलें कीं, रक्ताच्या ओघांत वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी हळूहळू कांठाला लागतात, बारीक शिरेच्या भिंतीला चिकटतात आणि भिंतीतून निसटून बाहेर येतात. पू म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून बाहेर आलेल्या याच पेशी होत, हें त्यानें दाखवून दिलें.

पण त्या बाहेर येतात त्या कशासाठीं ? याचें उत्तर रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यानें दिलें. १८८२ सालीं ओडेसा येथील अध्यापकाची जागा सोडून तो सिसिली बेटावरील मेस्सिना गांवीं राहत होता. एके दिवशीं घरचीं सारीं माणसें सर्कशींतलीं शिकविलेलीं माकडें पाहण्यास गेलीं. हा एकटा सूक्ष्मदर्शकाशीं बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक अर्भकांत फिरणाऱ्या पेशी पाहतां पाहतां त्याच्या मनांत आलें कीं, या पेशी शरीराचें रक्षण करीत असतील काय ? त्यानें बागेंतून गुलाबाचे कांटे आणून त्या अर्भकांच्या त्वचेखालीं टोंचले. रात्रभर त्याला झोप नाहीं. सकाळीं पाहतो तों फिरत्या पेशींनीं कांट्याभोंवतीं गराडा घातलेला ! जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा सिद्धान्त येथून निघाला, आणि १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मेचनिकोव्हला पाउल एर्लिख याच्यासमवेत मिळालें. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत असतांना हाच गृहस्थ दह्यातील जंतूंचा मोठा पुरस्कर्ता झाला, हें ऐकून आमच्या मातोश्रींना मोठें समाधान वाटलें !

मेचनिकोव्हनें दाखविलेला शिपाई खरा आहे. वहिनींना मीं सांगितलें होतें तें खोटें नव्हतें. पण तें अर्धें होतें.

शिपाई भिंत ओलांडतात तेव्हां

रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं निम्म्याहून अधिक पेशी न्यूट्रोफिल नांवाच्या असतात. हाडांच्या मगजांत त्या रोज सुमारें शंभर अब्ज तयार होतात आणि थोड्याच काळांत मरून जातात. आंतड्याच्या भिंतीला कोठें इजा झाली किंवा जंतु आंत घुसले कीं, अस्तराच्या पेशी रासायनिक हांक देतात व कांहीं तासांतच न्यूट्रोफिल पेशी तेथें हजर होतात. त्यांच्याजवळ तीन प्रकारचीं शस्त्रें असतात. पहिलें, जंतूला गिळणें. दुसरें, प्राणवायूपासून तयार केलेलीं जहाल रसायनें व प्रथिनें विरघळविणारे रस सोडणें. तिसरें शस्त्र २००४ सालीं बर्लिनमध्यें उमगलें : स्वतःच्या केंद्रकांतले धागे बाहेर फेंकून त्यांच्या जाळ्यांत जंतु अडकविणें.

हीं शस्त्रें जंतु आणि घरचा माणूस असा भेद करीत नाहींत. जो रस जंतूचें कवच विरघळवितो, तोच पेशींमधील शिवणहि उसवितो. शिवाय या शिपायांना आंतड्याच्या पोकळींत जायचें असतें, आणि तेथें जाण्यास वाट एकच. अस्तराच्या दोन पेशींमधला सांधा. एखाददुसरा शिपाई गेला तर सांधा मागाहून मिटतो. पण हजारोंची रीघ लागली म्हणजे ? अमेरिकेंतील जेम्स मॅडारा व त्यांचे सहकारी यांनीं मानवी आंतड्याच्या पेशींचा एकेरी थर प्रयोगशाळेंत वाढवून त्यांतून न्यूट्रोफिल पेशी जाऊं दिल्या. ओलांडणाऱ्यांची संख्या जितकी अधिक तितकी भिंत अधिक झिरपूं लागते, असें १९८७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें.

त्याच मंडळींनीं १९९३ सालीं आणखी एक गोष्ट उघड केली. भिंतीपलीकडे गेलेल्या न्यूट्रोफिल पेशी एक साधें रसायन सोडतात. अस्तराच्या पेशी त्याचें रूपांतर अॅडिनोसिनमध्यें करितात, आणि त्या अॅडिनोसिनच्या इशाऱ्यानें क्लोराइड क्षार पोकळींत सोडूं लागतात. क्षारामागोमाग पाणी जातें. म्हणजे दाहांत जे जुलाब होतात, त्यांतला कांहीं भाग शिपायांनीं स्वतः मागविलेल्या पाण्याचा असतो. अंगणांत घाण झाली कीं घागरी ओतून तें धुऊन काढावें, तसाच हा प्रकार आहे. दोन दिवस चालला तर उपकारक. तीन महिने चालला तर माणूस वाळून जातो.

आमच्या पुतण्याच्या अहवालांत 'खळग्यांत पू सांचला आहे' असें जें लिहिलें होतें, तें याच रिघेचें दृश्य होय. न्यूट्रोफिल पेशी भिंत ओलांडून खळग्यांत उतरल्या, तेथेंच मेल्या, आणि ज्या ठिकाणीं नव्या पेशी जन्माला यायच्या तीच जागा त्यांनीं भरून गेली. गवंड्याच्याच डोक्यावर राडारोडा पडला. मग भिंत दुरुस्त कोणी करावी?

चोराला वाट कोणी दिली ?

शिपायांच्या या सवयीचा फायदा कांहीं धूर्त जंतु घेतात. १८९७ सालीं जपानमध्यें आमांशाची मोठी सांथ असतां कियोशी शिगा यानें जो जंतु शोधून काढला, त्याच्या घराण्याला शिगेला म्हणतात. त्याचे शंभराहून कमी जंतु पोटांत गेले तरी रोग होऊं शकतो. परंतु या जंतूला अस्तराच्या वरच्या बाजूनें सहजासहजीं आंत शिरतां येत नाहीं. खालच्या बाजूनें मात्र येतें. मग तो खालीं जातो कसा ? मेचनिकोव्हच्याच पाश्चर संस्थेंत १९९४ सालीं झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, न्यूट्रोफिल पेशी सांधे उघडून बाहेर येतात, त्या उघड्या वाटेनेंच शिगेला आंत घुसतो ! पहारेकरी चोराच्या मागें धांवत बाहेर पडला आणि त्यानें उघडें टाकलेल्या दारानें चोर घरांत आला, असा हा मासला. पुढें त्याच न्यूट्रोफिल पेशी त्या जंतूचा नायनाटहि करितात. त्यामुळें धडधाकट माणसाला बहुधा आठवड्याभरांत उतार पडतो. पण मधल्या काळांतील रक्त, आंव आणि मुरडा ही त्या झटापटीची किंमत होय.

साल्मोनेला या दुसऱ्या जंतूची कथा २०१० सालीं कॅलिफोर्नियांत उलगडली. न्यूट्रोफिल पेशींनीं सोडलेल्या प्राणवायूच्या रसायनांनीं आंतड्यांतील एका गंधकयुक्त पदार्थाचें रूप पालटतें, आणि त्या नव्या पदार्थावर साल्मोनेलाला श्वसन करितां येतें. शेजारच्या निरुपद्रवी जंतूंना तें साधत नाहीं. शत्रूसाठीं टाकलेला दारूगोळा शत्रूचीच शिधासामग्री ठरतो !

याच्या उलट पटकीचें. पटकींत पाणी वाहून माणूस कांहीं तासांत मरणाच्या दारीं जातो, पण मळांत पू नसतो आणि आंतड्याची भिंत शाबूत राहते. तेथें शिपायांची गर्दी नसतेच. सारें पाणी एका विषामुळें सुटतें. तें विष आहे हें कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सशाच्या आंतड्यावर प्रयोग करून सिद्ध केलें. म्हणूनच मळांत पूपेशी आहेत कीं नाहींत, हा अहवालांतला लहानसा शब्द डॉक्टरांना फार कांहीं सांगून जातो.

शिपाई नसतील तर ?

एवढें ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग हे शिपाई नसलेलेच बरे म्हणायचे !" तसेंहि नाहीं. कांहीं मुलांच्या पांढऱ्या पेशींना प्राणवायूचीं जहाल रसायनें जन्मतःच करितां येत नाहींत. शस्त्रच नसल्यामुळें त्यांच्या आंतड्याला इजा कमी व्हावी असें वाटेल. प्रत्यक्षांत त्यांतल्या पुष्कळांना आंतड्याचा कठीण दाह होतो. न्यूट्रोफिल पेशींची संख्या जन्मतः कमी असणाऱ्या कांहीं मुलांतहि असाच दाह आढळतो.

याचें एक कारण कोलोरॅडो विद्यापीठांतील सीन कोल्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं उंदरांवरील प्रयोगांतून दाखविलें. न्यूट्रोफिल पेशी आपलीं रसायनें तयार करितांना भोंवतालचा प्राणवायु झपाट्यानें ओढून घेतात. प्राणवायु कमी पडला कीं अस्तराच्या पेशींत एक प्रथिन टिकून राहतें, आणि त्याच्या प्रभावानें त्या पेशी आपले सांधे व संरक्षण बळकट करूं लागतात. म्हणजे भिंत उसविणारा शिपाईच जातां जातां गवंड्याला कामाला लावून जातो.

तेव्हां मित्र कीं शत्रु, हा प्रश्नच नीट नाहीं. शिपाई आले हा दोष नव्हे. नीट चाललेल्या दाहांत ते येतात, काम करितात व मरतात; मग बृहत्‌भक्षक नांवाच्या दुसऱ्या पेशी त्यांचीं प्रेतें उचलून नेतात, रासायनिक हांक थांबते, आणि अस्तराच्या कांठच्या पेशी सरकत येऊन कांहीं तासांत उघडी जागा झांकून टाकितात. व्रणयुक्त दाहांत बिघडतें तें हें परतणें. हांक थांबत नाहीं. भिंत झिरपते म्हणून जंतु आंत येतात, जंतु आले म्हणून शिपाई येतात, आणि शिपाई आले म्हणून भिंत आणखी झिरपते. हें चक्र कां सुरू होतें याला आनुवंशिक प्रवृत्ति, आंतड्यांतील जंतुसृष्टि व बाह्य परिस्थिति अशीं अनेक कारणें मिळून जबाबदार असतात. एका तिखट मिसळीनें किंवा आईच्या हयगयीनें तें होत नाहीं.

वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर

आतां औषधाविषयीं. हें चक्र तोडणें एवढेंच औषधाचें काम. स्वीडनच्या नाना स्वार्ट्‌स या विदुषींनीं १९४० च्या सुमारास आणलेल्या सल्फासलाझिन या औषधाचेंच पुढचें रूप, मेसालामाइन, आमच्या पुतण्याला दिलें आहे. तें अस्तरावरच काम करून दाह निववितें. रोग तीव्र असला तर स्टेरॉइड देतात. त्याचा उपयोग ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह व विट्स यांनीं १९५५ सालीं सिद्ध केला. अलीकडचीं कांहीं औषधें विशिष्ट पांढऱ्या पेशींना आंतड्याकडे वळण्याची वाटच बंद करितात. हीं औषधें शिपायांची कत्तल करीत नाहींत; विनाकारण वाजत राहिलेली धोक्याची घंटा थांबवितात. मात्र अमीबाचा आमांश किंवा आंतड्याचा क्षय, जे आपल्या देशांत विरळा नाहींत, ते नाहींत अशी खात्री केल्याशिवाय स्टेरॉइड देणें घातक ठरतें. म्हणून दुकानांतून आपल्या मनानें औषध आणणें नको.

आणि "बरा दिसतो, मग औषध बंद कां नाहीं ?" याचें उत्तर एका प्रथिनानें दिलें. न्यूट्रोफिल पेशीच्या रसांतील प्रथिनांपैकीं जवळजवळ निम्मा भाग कॅलप्रोटेक्टिन नांवाच्या प्रथिनाचा असतो. १९८० सालीं नॉर्वेमधील संशोधकांनीं तें वेगळें काढलें. भिंत ओलांडून मेलेल्या पेशींतून तें मळांत उतरतें, व तेथें तें मोजतां येतें. एक ग्रॅम मळांत ५० मायक्रोग्रॅमपेक्षां कमी असल्यास आंतडें बहुधा शांत समजतात. पुतण्याचे जुलाब थांबले होते, रक्त थांबलें होतें, भूक लागत होती. पण तपासणींत हा आंकडा ३०० च्या वर निघाला. तोंडावर तेज आलें होतें, पण खळग्यांतली रीघ अजून चालूच होती. अशा वेळीं औषध सोडलें म्हणजे रोग उलटण्याची भीति फार. स्टेरॉइड एकदम सोडणें तर स्वतंत्रपणेंच धोक्याचें. शिवाय वर्षानुवर्षें धुमसणाऱ्या दाहांतून मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा संभव वाढतो. म्हणून रोग सुरू होऊन आठ वर्षें झालीं कीं ठराविक अंतरानें दुर्बिणीची तपासणी करून घेण्यास सांगतात.

वहिनींनीं तो कागद दोनदां वाचला, घडी करून डब्यांत ठेविला, आणि औषधाच्या वेळा स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर लिहून काढल्या. मातोश्रींचें ताक चालूच आहे. डॉक्टरांनीं त्यास हरकत घेतली नाहीं. गेल्या महिन्यांत तो आंकडा पुन्हां तपासला, तो ५० च्या आंत आला आहे. औषध तरीहि चालू आहे, आणि तें केव्हां कमी करावयाचें हें ज्यांनीं सुरू केलें त्यांनींच ठरवावयाचें आहे.

वाचकांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. घरांत मुलाला ताप आला तर आपण लगेच कपाळाला हात लावून पाहतों. पण शौचाची गोष्ट विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं, आणि तरुण मुलेंमुली ती सांगत नाहींत. मळांत रक्त दिसणें, आंव पडणें, रात्रीं झोपेतून उठून जावें लागणें, वजन उतरणें, यांपैकीं एकहि गोष्ट असेल तर 'उष्णता' म्हणून काढा उकळीत बसूं नये, डॉक्टरांना दाखवावें. विचारणाराला यांत कमीपणा नाहीं, आणि सांगणाराला लाज नाहीं. आमच्या घरीं हा प्रश्न तीन महिने उशिरा विचारला गेला. आपल्या घरीं तो वेळेवर विचारला जावा, यासाठींच हा लेख.